हौद्यातली माणसं : सिंगापूरच्या एका सकाळचं प्रकरण

सिंगापूरमध्ये सकाळचे सहा म्हणजे रात्रच. घड्याळ तिथल्या भूगोलापेक्षा तासभर पुढे चालतं, त्यामुळे बाराही महिने सूर्य सातच्या सुमारास उगवतो. कामगार मात्र साडेचारला उठलेले असतात. वसतिगृहाच्या फाटकाशी जेवणाचे पुडे घेऊन रांग लागलेली असते आणि पावणेसहापर्यंत लॉऱ्या भरून निघतात.

२० एप्रिल २०२१, मंगळवार. बेटाच्या पश्चिम भागात, पॅन आयलंड एक्सप्रेसवेवर (तिथे सगळे पीआयईच म्हणतात), चांगी विमानतळाकडे जाणाऱ्या बाजूला, जालान बहारच्या एक्झिटजवळ एक टिप्पर थांबलेला होता. सहाच्या सुमारास मागून आलेली एक लॉरी त्यावर आदळली. लॉरीच्या हौद्यात सतरा परदेशी कामगार होते. त्यातला ३३ वर्षांचा एक बांगलादेशी गेला, मग २८ वर्षांचा एक भारतीय गेला. बाकीचे जखमी झाले. त्याच आठवड्यात आणखी एका लॉरीच्या अपघातात दहा कामगार इस्पितळात पोचले.

मी तेव्हा जुरोंगमधल्या एका बांधकामावर सेफ्टी ऑफिसर होतो. त्या लॉरीशी, त्या कंपनीशी माझा काही संबंध नाही. पण आमची माणसंही त्याच वेळी, त्याच रस्त्याने, तशाच हौद्यात बसून यायची. त्या दिवशी साडेसातच्या टूलबॉक्स मीटिंगला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीला, कोणी काही बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच फोटो फिरत होता. मी ठरल्याप्रमाणे परांचीवरच्या सुरक्षेबद्दल बोललो, हेल्मेटचे पट्टे तपासले आणि माणसं कामाला सोडली. रस्त्याचा विषय माझ्या यादीत नव्हताच, कारण माझी हद्द साइटच्या गेटपासून सुरू व्हायची.

गाडी कशी असते

लॉरी म्हणजे आपला ट्रक, पण डोळ्यासमोर दहा चाकी ट्रक आणू नका. बहुतेक गाड्या आपल्या आयशर टेम्पोएवढ्या. तिथे त्या फुटांवर ओळखतात : दहा फुटी, चौदा फुटी, चोवीस फुटी. पुढे केबिन, मागे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा हौदा, बाजूला कठडे, वर छत आणि मागे फाळका. हौद्यात सीट नाही, पट्टा नाही. धरायला कठड्याची कडा, नाहीतर शेजाऱ्याचा खांदा. कोणी पुठ्ठा अंथरतं, कोणी रंगाची रिकामी बादली उलटी करून बसतं. पाठ कठड्याला, गुडघे पोटाशी. निम्म्याहून जास्त जण झोपलेले असतात आणि झोपलेल्या माणसाचं अंग सैल असतं. ब्रेक लागायच्या आधी हात पुढे जात नाहीत.

याच देशात कारमध्ये मागच्या सीटवर बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळं आसन लागतं. रस्त्यावर कचरा टाकला तर दंड, मेट्रोत पाणी प्यायलात तरी दंड. नियमांच्या बाबतीत इतका काटेकोर देश डोक्यात असला की ती लॉरी पहिल्यांदा पाहताना आपल्यालाच वाटतं, काहीतरी चुकून दिसलं. मला तसंच वाटलं होतं. आठवडाभरात डोळे सरावले, हे सांगायला मला आता बरं वाटत नाही.

कायद्यातली पळवाट नव्हे, कायद्यातलं दार

मालवाहू गाडीतून माणसं नेणं सिंगापूरच्या रोड ट्रॅफिक ॲक्टनुसार मुळात निषिद्धच आहे. त्याला अपवाद आहेत. एक, आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने न्यायचं असेल तर. दुसरा, गाडी ज्याची किंवा ज्याने भाड्याने घेतली त्याचे कामगार कामानिमित्त जात असतील तर. म्हणजे मी माझ्या बायकोला हौद्यात बसवून बाजारात नेलं तर गुन्हा, आणि तोच मी मालक म्हणून दहा कामगारांना त्याच हौद्यातून त्याच रस्त्याने नेलं तर कायदेशीर. रस्ता तोच, ब्रेक तेच, डोकंही तितकंच नाजूक.

हा दुसरा अपवाद लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. हौद्यातला प्रवास कामाचा भाग आहे म्हणून तो चालतो. आता नुकसानभरपाईचा कायदा बघा. मालकाने पुरवलेल्या गाडीतून जाताना अपघात झाला तर तो कामावरचा अपघात धरला जातो, आणि भरपाईसाठी कोणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. २०२१ साली मृत्यूची भरपाई किमान ७६,००० आणि कमाल २,२५,००० सिंगापूर डॉलर होती. हा नियम चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण याचा अर्थ काय होतो? अपवादासाठी तो प्रवास काम, मेल्यावरच्या भरपाईसाठीही काम. पगाराच्या तासांत मात्र ती वेळ सहसा धरत नाहीत. आणि सुरक्षेच्या नियमांत तर ते काम नाहीच.

माझ्या टेबलावर रोज सकाळी परमिटचा गठ्ठा यायचा. तीन मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडण्याचा धोका असेल तिथे लेखी परमिटशिवाय माणूस चढू शकत नाही. हार्नेस तपासायचा, दोर कुठे अडकवणार ते बघायचं, मग सही. चुकलो तर काम बंद आणि कंपनीला दंड. आता साधा हिशेब करू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली तर आत मोकळा बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जातो आणि समोर जे असेल त्यावर आपटतो. तेवढा वेग वरून पडताना यायला सुमारे १४ मीटरवरून पडावं लागतं, म्हणजे चौथा-पाचवा मजला. तीन मीटरसाठी माझी सही लागायची. चौदा मीटरसाठी कोणाचीच लागत नव्हती, आणि ते दिवसातून दोनदा.

मोजमाप

या विषयात सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आधी हौद्यात दर माणशी चार चौरस फूट जागा पुरे होती. २००९ च्या शेवटी जाहीर झालेल्या सुधारणांत ती आठ चौरस फूट झाली. चौदा फुटी लॉरीचा हौदा सहा फूट रुंद धरला तर चौऱ्याऐंशी चौरस फूट होतात. जुन्या नियमाने त्यात एकवीस माणसं, नव्याने दहा. फरक मोठा आहे, आणि तो आकडा गाडीवर लिहावा लागतो. बरोबरच छत आणि उंच कठडे आले. त्यासाठी मुदत लांबची होती. पण २२ जून २०१० ला पीआयईवरच एक लॉरी उलटली, चीनमधून आलेले तीन कामगार मेले, चौदा जखमी झाले, आणि मग मुदत अलीकडे ओढून २०११ केली गेली.

आठ चौरस फूट म्हणजे किती? मी एकदा आमच्या गोडाउनमध्ये खडूने आखून पाहिलं होतं. चार फूट बाय दोन फूट. मांडी घालून बसलात तर आरामात जागा होते, थोडी उरतेही. स्टोअरकीपर म्हणाला, "सर, सिमेंटची थप्पी लावायचीय का इथे?" त्याचा प्रश्न बरोबर होता. चौरस फुटांत आपण थप्पी मोजतो. माणूस गाडीत सुरक्षित आहे का, हे त्याच्याखाली किती फरशी आहे यावरून ठरत नाही. तो जागेला धरलेला आहे की नाही, यावर ठरतं. उलट दाटीवाटीत बसलेली माणसं निदान एकमेकांना अडून राहतात, मोकळ्या हौद्यात ती लांबपर्यंत फेकली जातात. (हे दाटीचं समर्थन नाही. वजन वाढलं की ब्रेकचं अंतर वाढतं आणि गाडी उलटायला सोपी होते.)

म्हणून २०२१ च्या अपघाताकडे मी असा बघतो. छत, कठडे, आठ चौरस फूट हे सगळे नियम त्या सकाळी लागू होते. २०१० च्या अपघातात गाडी उलटली होती, आणि कठडे आणि छत माणसं बाहेर पडू नयेत म्हणून असतात. २०२१ मध्ये गाडी उलटली नाही, ती थांबलेल्या टिप्परवर मागून आदळली. या प्रकारात कठडा वाचवत नाही, माणूस कठड्यावरच जाऊन आपटतो. मागच्या अपघाताचं औषध पुढच्या अपघाताला लागू पडलं नाही. लागू पडलं असतं असं एकच होतं : पुढे तोंड करून बसवलेली सीट आणि पट्टा. ते लावलं की ती लॉरी राहत नाही, बस होते. सगळं घोडं तिथेच अडलं.

चालक कोण

हा भाग बातम्यांत फारसा येत नाही. लॉरी चालवणारा बहुतेक वेळा नुसता ड्रायव्हर नसतो, कामगारच असतो. त्याच्याकडे परवाना आहे म्हणून महिन्याला थोडे जास्त डॉलर मिळतात, आणि त्यासाठी तो सगळ्यांच्या आधी उठतो, गाडी काढतो, तीन साइटवर माणसं सोडतो, मग स्वतः दिवसभर सळया बांधतो. संध्याकाळी पुन्हा उलटा फेरा. आमच्याकडचा चालक, तामिळनाडूतला, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्लायवुडच्या फळीवर पंधरा मिनिटं असा झोपायचा की अंगावरून माशी उडवायचं भान नसायचं. मी एकदा विचारलं, "अण्णा, गाडीवर झोप येत नाही का?" तो हसला. "येते सर. म्हणून खिडकी उघडी ठेवतो आणि मिरची चावतो."

पट्टीचा ड्रायव्हर होता. पण माझ्या साइटवरचा क्रेन ऑपरेटर मिरची चावून क्रेन चालवतो असं कोणी सांगितलं असतं तर मी ती क्रेन त्याच क्षणी बंद केली असती.

२०२१ नंतरच्या सुधारणांत सरकारने बरोबर इथेच हात घातला. १ जानेवारी २०२३ पासून दिवसभर काम केलेल्या चालकाला माणसं नेण्याआधी विश्रांती द्यायची, आणि चालकाशेजारी एक जोडीदार बसवायचा, ज्याचं काम चालक जागा आहे ना हे बघणं. हौद्याला पावसाचा पडदाही सक्तीचा झाला. पुढे ३,५०१ ते १२,००० किलो वजनाच्या लॉऱ्यांना ताशी ६० चा वेगनियंत्रक बसवण्याची टप्प्याटप्प्याने सक्ती आली. यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. जोडीदाराबद्दल मात्र मला राहून राहून वाटायचं की तोही साडेचारलाच उठलेला असतो.

खर्चाचा मुद्दा

तेव्हाचे खासदार लुई एंग यांनी हा विषय संसदेत वारंवार लावून धरला. परिवहन खात्याच्या तेव्हाच्या वरिष्ठ राज्यमंत्री एमी खोर यांच्या उत्तरांचा सूर दरवेळी जवळपास सारखाच होता : बसने न्यावं असं आम्हीही सांगतो, पण सक्ती केली तर छोट्या कंपन्यांना झेपणार नाही. १८ आणि १९ जुलै २०२३ ला लागोपाठ दोन अपघात झाले आणि मिळून ३७ जणांना इस्पितळात न्यावं लागलं. मग संस्था-संघटनांनी एकत्र निवेदन काढलं. ऑगस्टच्या सुरुवातीला उद्योजकांच्या संघटनांनी उलट निवेदन दिलं आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने भूमिका मांडली. बस पुरेशा नाहीत, बसचे चालक नाहीत, गर्दी वाढेल, अनेक कंपन्या बंद पडतील, घरं, मेट्रो, इस्पितळं महाग होतील आणि लांबतील.

हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. छोट्या ठेकेदाराकडे आठ माणसं असतात, ती चार ठिकाणी विखुरलेली असतात, आणि त्याच लॉरीत ड्रिल, पाइप, सिमेंट जायचं असतं. त्याला बस घ्या म्हणणं म्हणजे दोन गाड्या आणि दोन चालक घ्या म्हणणं. त्याची अडचण खरी आहे.

पण खर्च झेपत नाही हे वाक्य मालकाच्या कागदांत शोधायला गेलं की दुसरंच काही सापडतं. परदेशी कामगारामागे मालक सरकारला दरमहा लेव्ही, म्हणजे ठरलेलं शुल्क, भरतो. २०२४ पासून बांधकामात ती कुशल कामगारामागे ५०० आणि अकुशलामागे ९०० डॉलर आहे. दहा माणसांच्या हौद्यामागे महिन्याला किमान पाच हजार, बहुधा त्याहून जास्त डॉलर सरकारजमा होतात. लेव्हीचा हेतू वेगळा आहे, परदेशी माणूस फार स्वस्त पडू नये हा, ते मान्य. तरी त्या रकमेतला एक वाटा कमी करून "बस लावलीत तर एवढी सूट" म्हणता आलं असतं. इतर कामांत कुशल-अकुशल असा भेद करून लेव्हीने मालकांना वळवता येतं, तर इथेही आलं असतं. एकूण चर्चेत या मार्गाला मिळायला हवी तेवढी जागा मिळाली नाही असं माझं मत आहे.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. लॉरीतल्या माणसांचे मृत्यू वर्षाला सरासरी पाचच्या आसपास, आणि तेही पूर्वीपेक्षा कमी, असं सांगितलं जातं. एवढ्या लहान देशाला हा आकडा लहान वाटतो, वाटू शकतो. सेफ्टीच्या धंद्यात आम्ही मात्र मृत्यू मोजून समाधान मानत नाही, धोका कुठे उघडा पडलाय ते बघतो. रोज हजारो माणसं त्या हौद्यात बसतात आणि बहुतेक दिवस काही होत नाही, कारण बहुतेक दिवस समोर टिप्पर थांबलेला नसतो. बहरीनसारख्या देशाने २००९ मध्ये उघड्या ट्रकमधून कामगार नेणं बंद केलं. तिथली बांधकामं थांबली नाहीत.

आणि कामगार स्वतः का बोलत नाही? त्याचं वर्क परमिट मालकाशी बांधलेलं असतं. येताना एजंटला हजारो डॉलर मोजलेले असतात, गावाकडे जमीन गहाण पडलेली असते. अण्णाच्या टोळीतला एक बांगलादेशी मुलगा मला म्हणाला होता, "सर, लॉरी नको म्हटलं तर लॉरी जाणार नाही, मी जाईन." तो हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. मला माहीत नसलेली एक गोष्ट समजावून सांगत होता.

गावाकडचा हौदा

मी बीड जिल्ह्यातला. दसरा झाला की आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात हे मी जन्मापासून पाहिलंय. ट्रकच्या हौद्यात तळाला संसार, वर माणसं, त्यावर पोरं, कडेला बांधलेली शेळी. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे गाडी कशी आहे हा प्रश्न कोणी काढत नाही. तेव्हा सिंगापूरकडे बोट दाखवताना उरलेली बोटं कुठे वळतात ते मला ठाऊक आहे.

पीआयईवरच्या त्या अपघाताला बरोबर चार महिने झाले होते. २० ऑगस्ट २०२१ ला बुलडाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा एक टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळया होत्या आणि सळयांवर मजूर बसले होते, बहुतेक परराज्यातले. तेरा जण गेले. इथे चौरस फुटांचा हिशेब काढायलाही जागा नव्हती, माणसं मालावरच बसली होती. देशातला सगळ्यात आधुनिक म्हणून मिरवलेला रस्ता बांधणारी माणसं त्या रस्त्याच्या मालाबरोबर वाहिली जात होती.

आपल्याकडे तर पुढचा फेराही अवघड. मालवाहू गाडीत "फुकट प्रवासी" म्हणून बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोबत असेल तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे, गाडीवरच्या कामगारालाही आहे. म्हणजे मेलेला मजूर नेमका कोणाचा होता, गाडीमालकाचा, ठेकेदाराचा की मुकादमाचा, हे त्याच्या बायकोने कागदावर दाखवायचं. सिंगापूरमध्ये निदान तो प्रश्न मिटलेला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आमच्या साइटवर

त्या एप्रिलनंतर आठवड्याभरात मी व्यवस्थापनाला दोन पानी टिपण दिलं. तीन मीटर आणि चौदा मीटरची तुलना त्यातच पहिल्यांदा लिहिली होती. प्रोजेक्ट मॅनेजर भला माणूस. म्हणाला, क्लायंट मोठा आहे, त्याच्याकडून वसूल होईल, करून बघू. जूनपासून दोन बस लागल्या. जुन्याच होत्या, एसी कधी चालायचा, कधी नाही.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम फाटकाशी उभा राहिलो. बस थांबली, दार उघडलं आणि कोणी उतरेना. वर चढून पाहिलं तर सगळे झोपलेले, पट्टे लावून, माना एका बाजूला कललेल्या. अण्णा तिसऱ्या रांगेत खिडकीशी होता. त्या दिवशी त्याला गाडी चालवायची नव्हती. त्याला उठवायला मला त्याचा खांदा दोनदा हलवावा लागला.

पुढच्या मार्चमध्ये त्या क्लायंटचं काम संपलं. पुढचं कंत्राट छोटं होतं, दरात बसचा खर्च धरलेला नव्हता. एप्रिलपासून पुन्हा चौदा फुटी लॉरी आली, बाजूला नव्याने रंगवलेला आकडा : १०. मी टेप लावून हौदा मोजला. आकडा बरोबर होता. कागदावर सही केली.